तरंगणाऱ्या पेशी

दादाच्या दंडावरून काढलेला कातडीचा तुकडा जेमतेम मसुराएवढा होता, आणि ठमीची सगळी आशा त्यावर उभी होती. ठमी हे घरातलं नाव. प्रयोगशाळेत तिला मोठी पदवी होती, पांढरा कोट होता. पण दादाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली आल्या की ती पुन्हा धाकटी बहीण व्हायची. पेशी काचेच्या बशीच्या तळाला चिकटून वाढत होत्या. त्यातल्या कित्येकींचं केंद्रक मात्र मुठीत चुरगळलेल्या कागदासारखं दिसे.

दादाला जडलेला हा आजार त्यांच्या वडिलांनाही होता. आधी दंड वाळतात, मग पोटऱ्या, आणि शेवटी हृदयाचा ठोका चुकायला लागतो. दादा कुलुपं दुरुस्त करायचा. हल्ली कानस धरूनही त्याचा हात भरून यायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, छातीत यंत्र बसवून घ्या, ठोका चुकला तर ते सावरेल. तारीखही दिली होती.

ठमीच्या डोक्यात मात्र वेगळंच घोळत होतं. पेशीचं आवरण चरबीचं असतं आणि आतल्या केंद्रकाचंही. लोणी थंडीत घट्ट बसतं, तेल वाहतं राहतं. आवरणात लोण्यासारखी घट्ट चरबी वाढली की ते ताठ होतं, आणि मुळातच दुबळं केंद्रक ताण पडला की फाटतं. मग या पेशींना तेलासारखी सैल चरबी खाऊ घातली तर? तिने घातली. काही आठवड्यांनी बशीत बघते तो काय, जिकडेतिकडे गोल केंद्रकं! तिला आकाश ठेंगणं झालं. अशा वेळी शहाण्या माणसाने तोंडाला कुलूप लावावं. हिने भावाला फोन लावला.

"दादा, गोल झाली रे!"

"काय गोल झालं?"

"तुझी केंद्रकं. चुरगळलेली अगदी थोडी उरलीत."

"म्हणजे मी बरा होणार?"

"अरे, बशीतल्या पेशी वेगळ्या, माणूस वेगळा. एवढ्यात काही सांगता येत नाही," ती म्हणाली, पण आवाजातलं हसू तिला लपवता आलं नाही. दादाने शब्द सोडले आणि हसू तेवढं ऐकलं.

त्याने डॉक्टरांची तारीख रद्द केली. "छाती कशाला फाडून घ्यायची? आमची ठमी औषध काढतेय," असं तो दुकानात येईल त्याला सांगायचा. वहिनीने ठमीला दोनदा विनवलं, "तूच सांग ना गं त्याला, माझं ऐकत नाही तो." ठमीने एकदा सांगितलं, तेही वरवर. भावाचा आपल्यावर एवढा भरवसा आहे, हे तिला आवडत होतं. खरं तर तिथेच तिचं चुकलं.

बशीतलं लालसर, पाण्यासारखं खाद्य एक दिवसाआड बदलावं लागतं. जुनं पंपाने ओढून घ्यायचं, फेकायचं, नवं घालायचं. इतकं सवयीचं काम की हात आपोआप चालतात. एका सकाळी पंपच रुसला. ठमीने जुनं खाद्य हाताने एका नळीत काढलं, नळी तशीच बाजूला ठेवली आणि विसरली. दुपारी पाहिलं तर नळीच्या बुडाशी पांढुरका गाळ बसला होता. तिने सहज एक थेंब काचेवर घेतला.

गाळ नव्हताच तो. पेशी होत्या. दादाच्या. मेलेल्या, आणि जवळजवळ प्रत्येकीचं केंद्रक चुरगळून फाटलेलं.

तिने खाऊ घातलेल्या चरबीने एकही सुरकुती सरळ केली नव्हती. दुबळ्या पेशींना ती सोसली नाही. त्यांनी तळ सोडला आणि त्या वर तरंगू लागल्या. मग एक दिवसाआड, ठरल्या वेळी, ठमीने स्वतःच्या हाताने त्यांना ओढून फेकून दिलं. तळाशी उरल्या त्या आधीपासूनच बऱ्या होत्या. उरलेल्यांत गोल किती, हे ती दर वेळी मोजत होती. उरल्यात किती, हे ना तिने कधी विचारलं, ना प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमने.

ती तशीच दादाकडे निघाली. इमारतीत शिरली तर दादा जिन्याच्या वरच्या टोकाला कठड्याला धरून उभा, घामाने निथळलेला. वहिनीचा हात त्याच्या पाठीवर.

"बघितलंस? न थांबता चढलो," तो धापा टाकत म्हणाला. "तुझी गोल केंद्रकं, दुसरं काय!"

"दादा, आधी बस."

तिने सगळं सांगितलं. पंप, नळी, गाळ. सांगताना ती रडली. दादाने आपले हात उलटसुलट करून पाहिले.

"मग मी जिना कसा चढलो?"

"हट्टाने चढलास," वहिनी म्हणाली.

"उद्या डॉक्टरांना फोन कर," एवढंच तिला म्हणून दादा आत गेला.

डॉक्टर वाईट नव्हते, पण खोटं बोलणारेही नव्हते. तपासून झाल्यावर ते म्हणाले, "यंत्र बसवतो. पण मधल्या काळात हृदय खूप थकलंय. तेव्हाच आला असतात, तर हातात बराच वेळ असता." ठमीला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी ती दादाच्या खाटेशी बसली होती.

"माझ्यामुळे झालं हे."

"गप गं. मला हवं होतं तेच मी ऐकलं." मग त्याने विचारलं, "त्या बशीतलं पाणी अजून बदलतेस?"

"बदलावं लागतं रे. नाहीतर उरलेल्याही मरतील."

"आणि जुनं?"

"फेकते. फेकायचंच असतं ते."

"आता फेकू नकोस, ठमे," दादा म्हणाला. "तळाशी चिकटून आहेत त्या कुणा धडधाकट माणसाच्या म्हणून खपतील. मी त्या पाण्यात आहे."

ठमीने त्याचा वाळलेला दंड दोन्ही हातांत धरला आणि मान हलवली.