तिळ्याची आई

मित्रांनो, मी एक जुनी मांजरी आहे, डाव्या कानाचे टोक नसलेली. मला ढवळी म्हणतात.

बाळकुमला मासळी विकणाऱ्या बायजामावशीच्या फळीखाली मी वाढले. बोंबलाची डोकी ती माझ्यासाठी बाजूला ठेवायची. मला दर वर्षी पिल्ले व्हायची. काही गाड्यांखाली गेली, काही कुत्र्यांनी नेली, काही नुसतीच गार पडली. मी त्यांना चाटत बसायची आणि मावशी म्हणायची, "सोर गो बाय, गेला तो."

शेवटच्या खेपेला एकच पिल्लू जगले. नाकावर काळा ठिपका, म्हणून मावशीने त्याला तिळ्या म्हटले. पण तेव्हाच तिथला बाजार उठला. नव्या जागी आम्हाला नेता येईना, म्हणून तिने आपल्या गिऱ्हाईक उर्वीताईला गळ घातली. उर्वीताई ठाकुर्लीला राहते आणि रस्त्यावरच्या मांजरांना घर शोधून देते.

तिने आम्हाला आपल्या घरी नेले आणि मग दवाखान्यात माझे ऑपरेशन झाले. शुद्धीवर आले तेव्हा पोट ओढल्यासारखे दुखत होते. भेटायला आलेली मावशी माझ्याकडे पाहून भडकलीच.

"हिचा कान कोनी तोरला?"

"मावशी, बेशुद्ध होती, तिला कळलंही नाही," उर्वीताई म्हणाली. "ऑपरेशन झाल्याची खूण आहे ती. नाहीतर कुणीतरी पुन्हा पकडून नेईल, पुन्हा पोट उघडतील."

"म्हंजे आता पिल्ला नाय व्हायची?"

"नाही."

मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "बरा झाला," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

काही आठवड्यांनी टिटवाळ्याहून रुपाली नावाची बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीने तिळ्याला उचलले ते खाली ठेवलेच नाही.

"दोघांनाही न्या ना," उर्वीताई म्हणाली. "तो अजून हिच्याच कुशीत झोपतो."

रुपालीने मला निरखले. "मोठी मांजर आता काय रुळणार? आणि तो कान... नको, पिल्लूच बरं."

टोपलीतून तिळ्या ओरडला. मी दाराकडे धावले, तोवर दार बंद झाले होते.

मी पलंगाखाली शोधले, कपाटामागे शोधले. हाका मारल्या. खाणे सोडले. एका संध्याकाळी उर्वीताईच्या फोनमधून त्याचाच आवाज आला. रुपालीने व्हिडिओ पाठवला होता. मी फोन हुंगला, मग त्याच्या मागे जाऊन पाहिले. तिथे कुणी नव्हते.

"सॉरी गं ढवळे," म्हणत उर्वीताईने फोन बंद केला.

तिळ्या मजेत आहे म्हणे. पोटभर खातो, मुलीच्या उशीवर झोपतो. माझ्या सगळ्या पिल्लांत हा एकटाच मोठा होणार आहे, आणि तो मला दिसणार नाही.

मला न्यायला अजून कुणी आलेले नाही. मित्रांनो, पिल्लू आणायला जाल तेव्हा त्याची आई तिथेच कुठेतरी कोपऱ्यात बसलेली असेल. तिच्याकडेही एकदा पाहा. तिला फार जागा लागत नाही.