दाल्गितेची सुरई

कॉफीची सुरई चुलीवरच तडकली आणि सगळी कॉफी निखाऱ्यांत गेली, तीही ऐन पाहुण्यांसमोर. बोगालेचबाईंच्या अंगणात धूर आणि हशा एकदमच उठला.

इथिओपियातल्या सोदो शहरातून आलेल्या बाई नुकत्याच सांगत होत्या, की आफ्रिकेतल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय, विकासात कुणालाही मागे ठेवायचं नाही आणि रान-पाणी नातवंडांसाठी राखायचं. त्यात गावाला आधी काय हवं, ते विचारायला त्या आल्या होत्या. पण कॉफीवाचून वोलायता मुलखात सभा कसली! शेजारणींच्या सुरया चार-पाच कपांच्या, त्या एवढ्या माणसांना कुठून पुरणार?

सगळ्यांच्या माना कुंपणाकडे वळल्या. तिथे बाहेर दाल्गिते कुंभारीण बसली होती. गावातली प्रत्येक सुरई तिच्या हातची, पण कुंभारांनी अंगणात बसायचं नाही, ही रीत. तिच्या वाटची कॉफी वरून केळीच्या पानाच्या द्रोणात ओतली जाई. द्रोणही ती घरूनच आणी.

"अगं, मोठी नवी सुरई आण की पळत," बोगालेचबाई म्हणाल्या.

"नवीत आज कॉफी होत नाही, बाई. आधी मुरवावी लागते, नाहीतर मातीच प्याल. मुरलेली मोठी एकच आहे, आमच्या आळीची. माझ्या चुलीवरची."

अंगणात कुजबुज उठली. कुंभाराच्या चुलीवरची सुरई!

"आण," गावचे वडीलधारे अंजुलोआजोबा शेवटी घसा खाकरून म्हणाले.

"आणते. पण ओतीन मी, आत बसून. आणि पिईन तुमच्यासारखी, कपातून." दाल्गितेची मान ताठ होती.

"आत्ता गं बया! सुरईच्या आडून राज्य मागतेय!" कुणीतरी म्हणालं.

"राज्य घाल तुझ्या चुलीत. बसायला जागा मागतेय. या बाई विचारतायत ना, आधी काय हवं? मला हे हवंय."

आजोबांनी स्वतःशेजारचं बाकडं सरकवलं.

दाल्गितेने सुरई आणली, आणि त्या बाकड्यावर बसून लोणी-मीठ घातलेली कॉफी धार न मोडता ओतली. पहिला कप आजोबांनी हातात धरला. सगळे बघत राहिले. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला.

"माझ्या बापाला ही चव कधी मिळाली नाही," ते म्हणाले. "करंटा म्हातारा!"

अंगण हसलं आणि कप फिरू लागले. दाल्गितेच्या हातातही एक आला, कान असलेला, गरम. अभिमानाने तिचा ऊर भरून आला. हे आईने बघायला हवं होतं, असं तिला वाटलं.

कॉफीच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या आशीर्वादाच्या फेरीपर्यंत सगळे बसले. कुंपणाबाहेर तिचा द्रोण बोगालेचबाईंची शेळी चघळत होती. दाल्गितेने तिला हाकललं नाही.