‘बघते’चा अर्थ

घरी तिला भिंगरी म्हणत, आणि ऑफिसातही ती त्या नावाला जागत होती. पाच देशांतली माणसं तिच्या हाताखाली, आणि सगळ्यांची कामं तिच्याच डोक्यावर. शुक्रवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जायला जमतंय की नाही, या विचारानं तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

वरच्यांनी तिला एक कोच लावून दिला होता. आता हा बाबा दीर्घ श्वास घ्यायला सांगणार, असं तिला वाटलं. पण तो सुखी जीव मीटिंगभर कोपऱ्यात बसून राहिला आणि शेवटी म्हणाला, प्रत्येकाला एवढंच विचारा, तुमचं काम कुठे अडलंय?

तिनं विचारलं. डिझायनर म्हणाली, तुमच्याकडे. टेस्टर म्हणाला, तुमच्याकडे. सगळ्यांचं घोडं भिंगरीपाशीच अडलेलं. तिचं डोकंच फिरलं. मी कधी अंगावर घेतलं तुमचं काम, असं तिनं टेस्टरला फाडकन विचारलं.

तो बिचारा चाचरत म्हणाला, "तारीख पुढे ढकलू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, बघते. मी वाट बघतोय."

बघते म्हणजे काय, असं कोचनं विचारलं.

"बघते म्हणजे नाही," ती म्हणाली. "तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"तुम्ही ते ऑफिसच्या इंग्रजीत जसंच्या तसं आणलंत," कोच म्हणाला. " यांना वाटलं, तुम्ही शब्द दिलात."

तिला हसू आलं आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारभर तिनं एकेकाला सरळ हो किंवा नाही सांगून टाकलं. कोणाचं तोंड उतरलं नाही. सगळे आपापल्या कामाला लागले.

तिनं लगेच आईला फोन लावला. शुक्रवारी येतेय म्हणाली.

"अगं, कशाला धावपळ? शेजारच्या काकू येतायत माझ्याबरोबर. परवा तू बघते म्हणालीस, तेव्हाच सांगून ठेवलं त्यांना."

आईच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं. पाच देशांना न कळलेलं आईला त्याच क्षणी कळलं होतं.

"काकूंना नको म्हणून सांग. मी येते."



"बरं," आई म्हणाली, "बघू."

याचा अर्थ भिंगरीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं फोन ठेवला, शुक्रवारची रजा टाकली, तरी पाय काही हलायचा थांबेना.