मशीन रिकामं सुरू होतं

वच्छलाबाई कमरेपर्यंत खड्ड्यात वाकल्या होत्या आणि डब्याने तूर उपसून वर देत होत्या. वर उभी असलेली सिद्धेश्वरी हातातला टेप तसाच धरून पाहत राहिली. बार्शीच्या या डाळ मिलमध्ये पट्ट्यावरच्या बादल्यांनी तूर वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा गिअरबॉक्स बदलायचा होता आणि त्याची निवड ती पहिल्यांदाच एकटीने करत होती. आज नुसती मापं घ्यायची होती. तेवढ्यात लाइट गेली होती.

"हे काय करताय, मावशी?"

"पट्टा भरल्याला थांबला की तूर समदी खाली येती. ती काढल्याबिगर चालू करायचं न्हाय. मागं एकदा केलं, तर गिअरचं दातच मोडलं."

"दिवसातून किती वेळा काढता?"

"ते लाइटीला इचारा की, ताई," वच्छलाबाई हसल्या. "कदी चार, कदी सात." मग कमरेवर हात ठेवून पुन्हा वाकल्या.

सिद्धेश्वरीने फाइल उघडली. मालकाने भरून पाठवलेल्या फॉर्मवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'मशीन रिकामं सुरू होतं.' माणूस खोटं बोलला नव्हता. त्या वाक्यात वच्छलाबाई नव्हत्या, एवढंच.

दुपारी ती चिंचोळी एमआयडीसीतल्या आपल्या गिअरबॉक्सच्या कारखान्यात परतली. तिथे शिवयोगीकाका तीस वर्षं गिअरबॉक्स निवडत आले होते. लागणाऱ्या ताकदीच्या किती पट ताकदीचा गिअरबॉक्स द्यायचा, तो सेफ्टी फॅक्टर. "चार पाहुणे येणार म्हटलं की पाचांचा स्वयंपाक करावा. दहांचा केला तर शिळं खावं लागतं," हे ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. सिद्धेश्वरीला तर आठवड्यातून दोनदा.

तिने कागदावरचा सव्वा खोडून दोन लिहिला. सकाळीच त्यांनी त्या सव्व्यावर मान डोलावली होती.

"रिकामं सुरू होणाऱ्या मशीनला दोन?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "गावजेवण घालतीस व्हय?"

"ते रिकामं सुरू होत नाही, काका. आधी रिकामं करतात."

"कोण?"

"वच्छलाबाई म्हणून आहेत. डब्याने. खड्ड्यात उतरून."

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला.

"मोटर खेचंल?"

"मोटरीत दम आहे. गिअरबॉक्सच कमी पडतोय."

"मालक महाग म्हणंल."

"दर वेळी पंधरा मिनिटं मिल बंद राहते, ते सांगेन. नाही ऐकलं तर परत सांगेन." आपला आवाज इतका ठाम कधी झाला, हे तिचं तिलाच कळलं नाही. पण तो तिला आवडला.

"तीस वर्षं फॉर्म वाचले मी," काका म्हणाले. "कुटं खड्ड्यात डोकावलो न्हाय." आणि त्यांनी सहीसाठी पेन मागितलं.

मालक तिसऱ्या फोनला तयार झाला. महिन्याभराने नवा गिअरबॉक्स बसला, आणि लाइट बोलावल्यासारखी त्याच दिवशी गेली. आली तेव्हा वच्छलाबाईंचा एक पाय खड्ड्यात होता.

"राहू द्या, मावशी. वर या."

"अवो, दात मोडतील की!"

"नाही मोडणार."

आकडेमोड सिद्धेश्वरीने चारदा तपासली होती, तरी बटण दाबताना डोळे मिटलेच. पट्टा एकदा कण्हला, मग भरल्या बादल्या एकामागून एक वर निघाल्या. तिला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. चारचौघांत बरं दिसलं नसतं, म्हणून तिने हात मागे बांधले.

वच्छलाबाई मान वर करून बादल्या बघत राहिल्या. मग त्यांचं लक्ष हातातल्या डब्याकडे गेलं. त्यांनी तो झटकला, खड्ड्याच्या कडेला पालथा घातला आणि त्यावर बसल्या.

"पंधरा मिन्टं हायत माजी," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पाय लांब केले.