दुरडीतली शेवटची भाकरी

मित्रांनो, मी एक जुनी दुरडी आहे. बांबूच्या कामट्यांची, भाकऱ्या ठेवायची. गुंडा नावाच्या बुरुडाने मला विणून कडेगावच्या बाजारात मांडले आणि लालासाहेबांनी विकत घेतले. ते फौजेच्या लंगरात स्वयंपाकी होते. लढाईत उजव्या हाताची करंगळी गमावून नुकतेच परतले होते.

बहात्तरचा दुष्काळ होता. जतच्या वाटेवरच्या त्यांच्या वाडीतली माणसे पाण्यापायी गाव सोडून गेली होती. एकट्या रंगुबाई, लालासाहेबांची आई, मागे राहिल्या. पोरगा येईल तेव्हा घर उघडे हवे, एवढेच त्यांचे म्हणणे. लालासाहेब मला भाकऱ्यांनी भरून घेऊन गेले. दार उघडेच होते. रंगुबाई चुलीपाशी निपचित पडल्या होत्या, जीव कधीच गेला होता. माझ्यातल्या भाकऱ्या अजून मऊ होत्या.

पुढे लालासाहेब सांगलीत राहू लागले आणि हौशी मंडळींना जीपमधून आपल्या मुलखाचे खाणे दाखवत हिंडू लागले. कडेगावच्या गुऱ्हाळावर गरम काकवी, कवठे महांकाळला शेतातला हुरडा, जतच्या माळावर झणझणीत रस्सा. भाकऱ्या मात्र त्यांच्या हातच्या, माझ्यातल्या. मंडळी बोटे चाटत, कौतुक करत. खोटे कशाला बोलू, मी अगदी फुगून जाई.

लालासाहेबांचा एकच नेम होता. "दुरडी रिकामी करू नगा. एक भाकरी ऱ्हाऊ द्या." परतताना ते त्या ओस वाडीत मला फडक्याने झाकून आपल्या घराच्या ओट्यावर ठेवत आणि पाठ फिरवून उभे राहत. मग फडक्याखाली एक हात येई. सुकलेला, हलका. भाकरी घेऊन जाई. मला भीती वाटत नसे. भुकेल्याचा हात मी ओळखते.

एकदा सांगलीचे मधुकरराव आणि त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई आले. लालासाहेब जीपमध्ये पाणी ओतत होते, तेवढ्यात मधुकररावांनी शेवटची भाकरी चटणीशी संपवली. "अन्न वाया घालवू नये," ते म्हणाले. बिचाऱ्यांना वळणच तसे होते.

तिन्हीसांजेला मी वाडीच्या ओट्यावर होते. हात आला आणि तळाशी चाचपू लागला. कामट्यांवर नखे खरखरू लागली, ती थांबेचनात.

"अहो, तिथं कोण आहे?" जीपमधून शकुंतलाबाई घाबरून म्हणाल्या.

लालासाहेबांनी वळून फडके उचलले. त्यांचा चेहरा उतरला. "आये, आज चुकलं गं. उद्या घिऊन येतो. सबूद हाय माजा."

खरखर थांबली.

सांगलीत उतरताना त्यांनी मला शकुंतलाबाईंच्या हाती दिले. "वैनी, खाल्ली तुमी, तवा भाकरी तुमच्याच चुलीची पायजे. सकाळी टाकून ठेवा, मी येतो न्यायला."

शकुंतलाबाईंनी भाकरी टाकून ठेवली. लालासाहेब आले नाहीत. पहाटे झोपेतच गेले होते. "आता एवढ्या लांब कोण जाणार?" मधुकरराव म्हणाले, आणि दुपारी ती भाकरी घरातच खाल्ली गेली. मला खुंटीला टांगले. आता माझ्यात सुतळी आणि गंजक्या किल्ल्या असतात.

मित्रांनो, मी जीर्ण झाले याचे दुःख नाही. पण भुकेल्याला दिलेला शब्द मोडू नका, आणि दुरडी कधी रिकामी ठेवू नका. तिन्हीसांजेला तो सुकलेला हात आता सांगलीपर्यंत येतो आणि किल्ल्यांमध्ये भाकरी शोधतो. त्याच्यासोबत आणखी एक हात असतो. त्याला करंगळी नाही.