अर्ध्या टाकीच्या खाली

गाडी बंद पडायची ती अण्णा चालवत असले की. छोटूच्या हातात ती एकदाही बंद पडली नव्हती. घरच्या माणसांना एवढा पुरावा पुरतो. घर म्हणजे काही कोर्ट नव्हे. तिथे निकाल आधी लागतो आणि सुनावणी नंतर जेवताना होते.

अण्णा काचा वाहायचे. कारखान्यातून मोठमोठ्या काचा डिझेल पिकअपच्या हौद्यात उभ्या बांधायच्या आणि बांधकामावर नेऊन उतरवायच्या. उभ्या आयुष्यात त्यांच्या गाडीत एक काच तडकली नव्हती. हे ते स्वतः कधी सांगत नसत, पण दुसरा कुणी सांगायला लागला की हातातलं काम थांबवून ऐकत. छोटू त्यांचा धाकटा मुलगा. टक्कल पडलं, पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं, तरी घरात तो छोटूच राहिला. लांबच्या खेपा तो करायचा, गावातल्या अण्णा.

थोरल्या मुलीचं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. पंप आणि नोझल उघडून बसवण्यात तिचा हातखंडा, म्हणून बाजारात तिला पंपताई म्हणत. नाव कुणीतरी चेष्टेने ठेवलं होतं. पुढे चेष्टा करणाऱ्यांच्याच गाड्या तिच्या दारात उभ्या राहायला लागल्या; चेष्टा गेली, नाव राहिलं.

त्या दिवशी छोटू पिकअप घेऊन आला आणि तिला पत्र्याच्या शेडमागे घेऊन गेला.

"ताई, आज पुलाच्या चढावर बंद पडली. मागे ही एवढी रांग. हौद्यात काचा. मागून कुणी ठोकलं असतं तर?"

"अण्णा कसे आहेत?"

"ठणठणीत. म्हणतायत, गाडीला डिझेल मिळत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं! फिल्टर मी नवीन टाकला. दुसऱ्या गॅरेजवाल्याने पंप उतरवून तपासला. मग माझ्याकडे कशी नाही बंद पडत?"

पंपताई फडक्याने हात पुसत राहिली.

"तू एक कर," छोटू म्हणाला. "त्यांना सांग, गाडी संपली. दुरुस्तीच्या पलीकडे गेली. तुझं ते ऐकतील. ही विकू, मी दुसरी घेतो, ती मीच चालवीन. सरळ चावी मागितली तर जन्मभर बोलायचे नाहीत. असं केलं तर सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही."

छोटू वाईट नव्हता. पुलावर जाऊन गाडी ढकलताना तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस जवळची वाट शोधतो. पंपताईला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त राग स्वतःचा आला, कारण तिच्याही मनात हेच येऊन गेलं होतं. अण्णांचं वय झालं होतं. हे नाकारून काय मिळणार?

"आधी मला बघू दे," ती म्हणाली. "काही सापडलं नाही, तर तू म्हणतोस तसं सांगेन."

बोलून बसली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय कबूल केलं.

तिच्या कामाची एक रीत होती. पंप सगळ्यात महाग, म्हणून लोक आधी पंपावर संशय घेतात. ती पंपाला सगळ्यात शेवटी हात लावायची. डिझेल ज्या वाटेने जातं त्या वाटेने आपण जायचं, टाकीपासून. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असं ती गिऱ्हाइकांना ऐकवायची. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं होतं. फिल्टर स्वच्छ होता. नळ्या कोरड्या ठणठणीत, कुठे थेंब नाही.

पण थेंब नाही याला काही अर्थ नसतो. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्या टप्प्यात कुठे भोक पडलं तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. गाडीखाली वाकून ओल शोधणारा तिथेच फसतो. म्हणून तिने फिल्टर आणि पंपाच्या मध्ये एक लांब पारदर्शक नळी जोडली, बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि पुढच्या काचेवर चिकटपट्टीने बसवली. आत बसून डिझेल वाहताना दिसावं, हवा आली तर बुडबुडे दिसावेत. गाडी सलाईन लावलेल्या पेशंटसारखी दिसायला लागली.

छोटूने वाटेत सवयीने डिझेल फुल केलं आणि गाडी गावाच्या पाण्याच्या टाकीच्या चढावर नेली. ताई शेजारी बसून नळीकडे टक लावून होती. डिझेल सरळ, स्वच्छ. बुडबुड्याचं नाव नाही.

"बघ," छोटू म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. तोही बापाचाच मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी छोटू लांबची खेप करून आला, गाडी गॅरेजमध्ये लावून घरी गेला. नळी तशीच काचेवर. त्यानंतरच्या सकाळी ताईने अण्णांना बोलावलं. ते आले, स्टुलावर बसले आणि समोर टांगलेल्या पान्ह्यांकडे बघत राहिले.

"तुमचं काय ठरलंय ते मला कळतं, पोरी. म्हाताऱ्याचा पाय क्लचवर राहत नाही."

"अण्णा, नक्की काय होतं ते मला सांगा. मेकॅनिकला सांगतात तसं."

अण्णांनी स्टूल जरा पुढे ओढलं. मग मान न वळवता बोलायला लागले. "पाय चुकला तर गाडी आचका देते आणि मरते. ही तशी मरत नाही. आधी दम सोडते. ॲक्सिलरेटर दाबला तरी आवाज वर जायच्या ऐवजी खाली येतो. मग धापा, मग बंद. थोडं थांबायचं, बॉनेटखालचा डिझेलचा हातपंप मारायचा, की चालू. जसं काही झालंच नाही."

पंपताईच्या दारात रोज माणसं यायची आणि 'गाडी बिघडली' एवढं सांगून जायची. इतकं नेमकं दुखणं तिला क्वचितच कुणी सांगितलं होतं.

"हे छोटूला सांगितलंत?"

"त्याने विचारलं कुठे? आणि तू तरी आजच विचारतेयस."

तिने मान खाली घातली. मग तिने गाडीची चावी त्यांच्या हातात दिली. "रोज जसे निघता तसेच निघा. माझ्यासाठी म्हणून काही वेगळं करू नका."

अण्णा ताईला शेजारी बसवून निघाले. गावातली एक खेप आटोपून डिझेल भरायला थांबले आणि पंपावरच्या माणसाला म्हणाले, "थोडंच टाक." त्या माणसानेही सवयीने मान हलवली. ताईने काट्याकडे पाहिलं. डिझेल टाकूनही तो अर्ध्याच्या खालीच होता.

"टाकी भरत का नाही तुम्ही?"

"भरलेली टाकी म्हणजे दुसऱ्याची सोय," अण्णा म्हणाले. तरुणपणी ते एका मोठ्या आवारात नोकरीला होते. रात्री गाड्या उभ्या राहिल्या की कुणीतरी रबरी नळी घालून डिझेल चोरायचं आणि सकाळी ओरडा ड्रायव्हरने खायचा. तेव्हापासून ज्या दिवशी जेवढं लागेल तेवढंच टाकीत. ते आवार कधीच मोडलं, चोरही म्हातारे झाले असतील, पण सवय म्हातारी होत नाही.

चढ सुरू झाला. नळीत पहिल्यांदा मोहरीएवढे दोन-चार कण धावले. ताई पुढे सरकली. मग बुडबुड्यांची माळ आली, मग डिझेलमध्ये बोटभर लांबीच्या रिकाम्या जागा. इंजिनने दम सोडला, धापा टाकल्या आणि अर्ध्या चढावर गाडी बंद पडली. अण्णांनी शांतपणे हँडब्रेक ओढला.

"पडली!" ताई टाळी वाजवून ओरडली. "अण्णा, बंद पडली!"

"पडली खरी," अण्णा म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले. मागून हॉर्न वाजत होते आणि बापलेक आत बसून हसत होते. गाडी बंद पडली म्हणून एवढी खूश झालेली मेकॅनिक त्या रस्त्याने पाहिली नसेल.

तिने तिथूनच छोटूला फोन लावला. "तू टाकी कधी भरतोस?"

"निघताना फुल. मध्ये काटा अर्ध्यावर आला की परत फुल; घरी पोचतो तेव्हा तो जेमतेम अर्ध्यावर असतो. लांबच्या रस्त्यावर कोण धोका घेणार? का गं?"

"म्हणजे अर्ध्याच्या खाली तू गाडी कधी चालवलीच नाहीस."

"ते... खालचं अण्णा वापरतात," छोटू म्हणाला.

दुपारी तो आला तेव्हा टाकी उतरवलेली होती. टाकीत वरून बुडापर्यंत एक लोखंडी नळी असते, तिच्यातून डिझेल वर ओढलं जातं. ताईने ती काढली, पुसली, उजेडात फिरवून पाहिली. काही दिसेना. मग तिने नळीचं खालचं तोंड अंगठ्याने बंद केलं, नळी बादलीतल्या पाण्यात बुडवली आणि वरून फुंकर मारली. मधोमध, जोडाच्या कडेला, केसाएवढ्या चिरेतून बुडबुडे निघाले. टाकी भरलेली असली की चीर डिझेलमध्ये बुडालेली. मग ओढलं तरी डिझेलच येणार. डिझेल चिरेच्या खाली गेलं की तिच्यातून हवा, आणि चढावर तर आणखीच.

छोटू बादलीकडे बघत उभा राहिला. "चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आपण," तो म्हणाला. अण्णा लांब स्टुलावर होते. त्यांनी ऐकलं, पण ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

नवीन नळी बसली. टाकीत मुद्दामच थोडं डिझेल ठेवलं आणि अण्णा परत ताईला घेऊन निघाले. चढ आला, गाडी वर गेली. काचेवरच्या नळीत एकही बुडबुडा नाही. वर पोचून अण्णांनी गाडी वळवली, खाली नेली आणि पुन्हा वर आणली. काही कारण नव्हतं, नुसती हौस. ताईला वाटलं, आयुष्यात आपण केलेल्या कामांतलं हे सगळ्यात चांगलं काम. तिने खिडकीतून हात बाहेर टाकला आणि वारा घेतला.

उतारावर डावीकडच्या गल्लीतून एक सायकलवाला आला. घाईत नव्हता, लपलेलाही नव्हता. ताईने त्याला केव्हाच पाहिलं होतं आणि अण्णा आता गाडी हळू करतील असं धरून चालली होती. गाडी हळू झाली नाही.

"अण्णा, डावीकडे!"

ब्रेक करकचून लागला. सायकलवाला चाकापुढून निसटला, पाय टेकवून थांबला, शिव्या घातल्या आणि निघून गेला.

उरलेला रस्ता अण्णांनी माणूस चालेल एवढ्या वेगाने गाडी आणली. ज्यांच्यासाठी एवढी झटले, त्यांच्याविरुद्ध आता मीच बोलायचं, ताईला वाटलं. न बोलावं, तर तो सायकलवाला कुणाचा तरी मुलगा होता.

गॅरेजच्या दारात छोटू वाट बघत होता. "पडली का बंद?"

"नाही," ताई म्हणाली. "गाडी एकदम ठीक आहे." आणि ती काचेवरची चिकटपट्टी सोलायला लागली.

"अण्णा, माझं चुकलं," छोटू म्हणाला. "उद्या कारखान्याची खेप तुम्हीच न्या."

अण्णा सावकाश खाली उतरले. चावी काढून त्यांनी हातात धरली, आणि मग छोटूच्या हातात ठेवली.

"आता तू चालव."

"अहो, दोष गाडीत होता ना!"

"गाडीतला हिने काढला. माझ्यातला मी सांगतो. डाव्या बाजूने माणूस आला तो मला दिसला नाही. ही ओरडली म्हणून तो घरी गेला. शंका होती मला, मध्येमध्ये. पण तुम्ही म्हणत होतात त्या कारणासाठी उतरलो असतो, तर क्लच दाबता न येणारा म्हातारा म्हणून उतरलो असतो. तो मी नव्हे. हे कारखान्यात पण सांगा. आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन चला."

ताई रडली. शंका होती तरी चालवत राहिले, याचा तिला संतापही आला आणि तो तिने तिथल्या तिथे बोलूनही दाखवला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाले.

मग ते गाडीला वळसा घालून गेले आणि शेजारच्या सीटवर बसले. त्या सीटवर त्यांना बसलेलं मुलांनी कधी पाहिलं नव्हतं. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना जरा वेळ कळेना. छोटूने गाडी चालू केली, दारातून रस्त्यापर्यंत आणली आणि शेजारी बसणाऱ्याला जे नेहमी विचारायचा ते सवयीने विचारून बसला.

"डावीकडून कुणी नाही ना?"

विचारलं आणि त्याने जीभ चावली. ताई दारात थिजली.

अण्णांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली. दोन्ही हात दारावर टेकून अख्खं तोंड बाहेर काढलं, मान पार वळवली आणि रस्ता कोपऱ्यापर्यंत नीट बघितला. मागे हॉर्न वाजला तरी त्यांनी घाई केली नाही.

"कुणी नाही," ते म्हणाले. "चल."