शेजारचा ब्रेक

निम्म्या गावाला गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना स्वतःच्या लेकीला काही ती शिकवता आली नव्हती. लोक याची गंमत करायचे. मास्तरही त्यांच्याबरोबर हसायचे, पण ते हसणं ओठांपुरतंच असायचं.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की मास्तरांनी तो दाबायचा. मास्तरांचा पाय इतका तयार झाला होता की तो डोक्याला विचारतच नसे. लेकीला ते जरा जास्तच जीव लावून शिकवत, म्हणजे जास्तच ब्रेक दाबत. शेवटी एका दुपारी, शाळेच्या कोपऱ्यावर ती चांगली वळत असताना एक सायकल आडवी आली आणि त्यांनी करकचून ब्रेक मारला. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. लेक लालबुंद झाली. "मग तुम्हीच चालवा ना!" म्हणाली आणि भर रस्त्यात उतरून चालती झाली.

भांडण झालं असतं तर निदान मिटलं तरी असतं. तिने अबोलासुद्धा धरला नाही. फक्त त्यानंतर बापाला काही विचारायचं सोडून दिलं. नोकरी धरली, सोडली, दुसऱ्या शहरात घर घेतलं, सगळं झाल्यावर कळवलं. फोनवर "बरं आहे, बाबा" याच्या पुढे बोलणं जायचं नाही. मास्तरांना ते फार लागायचं.

आता ती गाडी भंगारात निघाली होती. सकाळी भंगारवाला यायच्या आधी मास्तर अंगणात तिच्यात जाऊन बसले, अर्थात शेजारच्या सीटवर. सवयीने पाय ब्रेकवर पडला. गाडीला हिसका बसला आणि समोर शाळेचा कोपरा आला. तीच दुपार, आणि स्टिअरिंगवर कपाळाला आठ्या घालून बसलेली कोवळी लेक. मास्तर तोंड उघडणार तोच सायकल आली आणि पायाने आपलं काम केलं. हिसका. पुन्हा अंगण.

मास्तर असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातले नव्हते. पण बिघाड आहे की नाही हे एकदा बघून कळत नसतं, म्हणून त्यांनी पुन्हा ब्रेक दाबला. पुन्हा कोपरा. या खेपेला त्यांनी पायाला दम भरला, गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. सायकल आली, पाय सुटला, अंगण. ब्रेक दाबला की तिकडे आणि दाबला की इकडे, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पोची घरघर ऐकू आली. आता एकच खेप होती.

कोपरा दिसताच मास्तरांनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी ठोकली.

"बाबा, हे काय?"

"काही नाही. तू चालव."

"आणि ब्रेक?"

"तुझ्यापाशी आहे ना एक?"

सायकल आली. मास्तर जीव मुठीत धरून बसले. लेकीने गाडी जरा जास्तच कडेला घेतली आणि दार भिंतीला खर्रकन घासलं. सायकलवाला शिव्या घालत सुखरूप निघून गेला. लेक आधी घाबरली, मग बापाच्या मांडीकडे बघून हसत सुटली. पुढच्या चौकात तिने स्वतःच अलगद ब्रेक दाबला.

अंगण. टेम्पो फाटकात उभा. मास्तर उतरून बघतात तर दारावर हातभर ओरखडा.

"हा कधीचा रे?" त्यांनी भंगारवाल्याला विचारलं.

"मला काय विचारता, मास्तर? गाडी तुमची. जुनाच आहे, गंजलाय बघा."

गाडी टेम्पोवर चढतेय तोच मागे हॉर्न वाजला. लेक होती, तिच्या स्वतःच्या गाडीत.

"बसा, बाबा. आई म्हणाली, गाडी गेली की तुम्ही इथे खांबासारखे उभे राहाल. एक चक्कर मारून येऊ. आणि मला जरा विचारायचंय तुम्हाला. नवी नोकरी चालून आलीय, घेऊ का नको कळत नाही."

मास्तरांचे डोळे भरून आले. ते बसले, आणि उत्तर देणार इतक्यात कोपऱ्यावरून ट्रक आला. पाय सुटला तो थेट रिकाम्या मॅटवर आपटला.

लेकीने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"बाबा, मांडी," ती म्हणाली.

मास्तरांनी निमूटपणे चपला काढल्या आणि पाय वर घेतले.